मुठीचा तांदूळ

माय, तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू जिवंत असतीस तरी हे पत्र मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं, आणि सूप पाखडता पाखडता तू मध्येच म्हणाली असतीस, "एवढं लंबं काऊन लिवली व? दोन गोष्टीत सांग." दोन गोष्टीत सांगता येत नाही म्हणूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या लेकीला तुझा चेहरा फोटोतला तेवढाच माहीत. पण मागच्या पौर्णिमेला आमच्या दारात जे झालं ते सांगावं असं दुसरं माणूस मला सापडलं नाही. घरात एक आहे, पण ते सध्या कोणाचंच ऐकण्याच्या अवस्थेत नाही.

आम्ही अजून चंद्रपुरातच आहोत, वीज केंद्राच्या बाजूच्या त्याच वस्तीत, जिथं तू एकदा राहायला आली होतीस आणि खिडकीवरची राख बोटानं पुसून म्हणाली होतीस, "इथी तं चूल बाहीरच पेटते वाटते." राख अजून येते. काम येत नाही. तुझे जावई ज्या ठेकेदाराकडे होते त्याचा ठेका संपला, नवा आला, त्यानं आपली माणसं आणली आणि एका दुपारी गेटवर यांचा पास परत मागून घेतला. मी खानावळ चालवायचे ती तरी कोणाच्या जिवावर? त्याच ठेकेदाराच्या माणसांच्या. परमुलखातली ती पोरं आपापल्या पेट्या उचलून गेली, आणि माझे भात शिजवायचे मोठे गंज, ती पातेली, माळ्यावर पालथे पडले. एका घरातली दोन्ही कामं एकदम जातात म्हणजे काय होतं, ते मी याआधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं खरं तर, पण तेव्हा मी लहान होते.

तू मूठ काढायचीस. मूल शहराच्या अलीकडच्या आपल्या गावात बौद्धांच्या मोहल्ल्यातल्या सगळ्याच बाया काढायच्या. भाताला तांदूळ घेतला की धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात. पौर्णिमेला विहारातल्या बाया पिशवी घेऊन घरोघरी फिरायच्या, ज्याचा त्याचा डबा त्या पिशवीत रिकामा व्हायचा. त्यातलं थोडं विहारात खिरीला, आणि बाकीचं ज्या घरची चूल मंदावली असेल त्या घरी. कोणत्या घरी, हे पिशवी नेणाऱ्या दोघी-तिघींनाच माहीत, आणि त्यांनी बोलायचं नाही. ज्या घरी गेलं त्यांनीही बोलायचं नाही. फक्त त्या आलेल्या तांदळातूनही रोज मूठ काढायची, त्यात खाडा नाही. मी एकदा तुला विचारलं होतं की आपल्या घरी देव नाही, मग हे आपण देतो कोणाला? तू चुलीत फुंकर घालत म्हणालीस, "देवाले कायले पायजे तांदूळ? ज्यानं धान रोवला, ज्यानं कांडला, ज्याच्या पाठीवर पोतं बसलं, त्याची याद म्हणून काढाची." ज्याच्या पाठीवर पोतं बसलं, म्हणजे आपले बाबा. ते मूलच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. त्यामुळे मला कितीतरी दिवस वाटायचं की विहार वगैरे सगळं ठीक आहे, पण ही मूठ मुळात आपल्या बाबांसाठी आहे.

मग ती थप्पी कोसळली. भरल्या पोत्यांची थप्पी छताला टेकवलेली, खालून कोणीतरी घाईत एक पोतं ओढलं, आणि बाबा बाजूला बसून बिडी पेटवत होते. मिलच्याच ट्रॅक्टरमधून त्यांना आणलं. त्यांच्या केसांत धानाचा कोंडा होता, तू तो फुंकून काढत होतीस, आणि बाया तुला धरून मागे ओढत होत्या. हे मला स्वच्छ आठवतं. त्याहून स्वच्छ आठवतं ते पुढचं. सगळं आटोपून पाहुणे गेल्यावर तू पहिल्यांदा चूल पेटवलीस, गंजात तांदूळ घेतलास आणि सवयीनं डबा पुढे ओढलास. मी दारात उभी आहे. माझ्या मनात एकच गोष्ट आहे, की ज्या तांदळाखाली माझा बाप गेला त्याची कसली याद ठेवायची? मला तो डबा लाथेनं उडवून द्यायचा आहे. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तुला ते दिसलं असणार, कारण तू काही समजावलं नाहीस. नुसती म्हणालीस, "इकडं ये. आजपासून तू काढाची."

माझा राग तिथंच विरला, एवढी मी हुरळले. मूठ काढणं हे घरातल्या मोठ्या बाईचं काम होतं. शेजारच्या घरी सुना येऊन वर्षं झाली तरी सासवा त्यांना डब्याला हात लावू देत नव्हत्या, आणि इथं मला, जिला अजून धड वेणी घालता येत नव्हती, ते काम मिळालं. मी शाळेतही सांगितलं. रोज संध्याकाळी हात धुऊन, फ्रॉकला पुसून, मी गंजाशी बसायचे. पहिल्याच आठवड्यात मी मोठेपणा म्हणून दोन्ही हातांनी ओंजळ भरून काढली, तर तू हातातली पळी माझ्या मनगटावर मारलीस. चांगली लागली. "एकच. आन् मूठ मिटून. उघड्या हातानं नोको." मिटल्या मुठीच्या वर जे दाणे राहायचे तेही तू गंजात झाडायला लावायचीस. मला वाटलं, ही शिस्त आहे. तू पंचशील म्हणतानासुद्धा कोणी मध्ये खोकलं तर पहिल्यापासून म्हणायला लावायचीस, तशीच ही एक.

त्याच मिलमध्ये तू झाडायला लागलीस. लोक नावं ठेवत होते, नवऱ्याला खाल्लं त्याच जागी कामाला जाते म्हणून. तू डोक्याला फडकं गुंडाळून पहाटे निघायचीस आणि परत यायचीस तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. झाडताना निघालेली कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, तुला घरी न्यायला मिळायची, आणि आपण तिचीच पेज प्यायचो, वर लाखोळीची डाळ असली तर असली. मग मिलचा हंगाम संपला, तुला घरी बसवलं, आणि तेव्हाच कुठून तरी घरात तांदूळ आला. खरा तांदूळ, पण विचित्र. भात झाला की अर्धा गाळ व्हायचा आणि अर्धा दाताखाली कचकच करायचा. एकच घास, त्यात मऊ, चिकट, मोकळा, कच्चा, सगळं. माझा धाकटा भाऊ थुंकून टाकायचा. मी विचारलं, हा असा कसा? तू म्हणालीस, "मिलात खाली सांडते ना, सगळ्या पोत्याइतलं, ते झाडून आनलो." मिल बंद होती, माय. मला ते माहीत होतं, मी रोज तिच्यावरून शाळेत जायचे, फाटकाला कुलूप होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. लहान माणूस आईच्या शब्दावर विश्वास ठेवतं, कुलपावर नाही.

त्या वर्षाचं आणखी एक मला फार लागलं होतं, आणि मी ते तुझ्या जिवंतपणी कधी बोलले नाही. पुढच्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी मी मूठ काढली. तू माझा हात धरून दिव्याकडे नेलास, उलटा सुलटा पाहिलास, आणि म्हणालीस, "आता तू नोको काढू. तुहा हात मोठा झाला." आणि धाकट्याला बसवलंस. धाकटा! जो चड्डीची नाडी दुसऱ्याकडून बांधून घ्यायचा. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, त्याला वाटेत पाडलं, माझ्या दप्तराला हात लावला म्हणून बदडलं. मला वाटलं, मुलगा म्हणून त्याला दिलं. आपल्यातही तेच का, हे मनात घट्ट बसलं, आणि पुढं कधी तू त्याच्या ताटात जरा जास्त वाढलंस की तोच खिळा परत आत जायचा. धाकटा आता एटापल्लीकडे ट्रकवर आहे. त्याचंही जेमतेमच चाललं आहे, त्यामुळे त्याला मी आमचं काही कळवलेलं नाही.

माझ्या लग्नात तू डबा दिलास. वनस्पती तुपाचा, कडेला पोचे पडलेला, झाकणाला वरून तार. सासरच्या बाया तो पाहून एकमेकींना कोपर मारत होत्या. मलाही लाज वाटली, एवढं खरं. आत तांदूळ होता, काठोकाठ. तू म्हणालीस, "खाली नोको ठेवजो," म्हणजे रिकामा ठेवू नकोस. तुझ्या इतर सगळ्या गोष्टी मी कधी ऐकल्या, कधी नाही, पण ही एक पाळली. खानावळ जोरात होती तेव्हा मी पोत्यात हात घालून ओंजळीनं काढायचे, झाडणं नाही की मिटणं नाही. पौर्णिमेला विहारातल्या बाया आल्या की माझाच डबा सगळ्यात जड. "यायच्या घरी बरकत आहे," म्हणायच्या, आणि मी वर तोंड करून हसायचे, जणू बरकत मीच पिकवली आहे. भरल्या पोत्यातून मूठ काढायला काय लागतं? पण तेव्हा मला तीच श्रद्धा वाटायची. वाटायचं, आपण देतो म्हणून आपल्याकडे येतं. हे मी बायांसमोर बोलूनही दाखवायचे. आता आठवलं की कान तापतात.

या हिवाळ्यात पोत्याचा तळ दिसला. पोरगी गडचिरोलीला नर्सिंगला होती, तुझ्या नातीनं सुई टोचायला शिकावं असं तुझ्या शेवटच्या, खोकल्याच्या दिवसांतच मी ठरवलं होतं. ती एक दिवस सामान घेऊन घरी आली आणि म्हणाली, पुढचं नंतर बघू. संक्रांत झाली आणि वस्तीतल्या बायांबरोबर ती तेलंगणात मिरची तोडायला गेली. आम्ही अडवलं नाही. अडवायला तोंड लागतं. फोन येतो तिचा. परवा म्हणाली, "हात जळजळ करतेत, डोळ्याले लागला तं रडूच येते." मी विचारलं, "मूठ काढत असते का तिकडं?"  ती म्हणाली, "आई, इथी तांदूळ माणशी मोजून देतेत. मूठ कुठून काढू?" मी म्हटलं, नोको काढू. फोन ठेवल्यावर तुझ्या जावयानं विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, बरी आहे.

तरी मी काढत राहिले. हट्टानं, माय, भक्तीनं नाही. गंजात तांदूळ कमी आणि पाणी जास्त व्हायला लागलं, मी रात्रीचं जेवण "भूक नाही" वर आणलं, पण मूठ चालू. मला भीती होती की हे सुटलं तर मग आपलं खरोखरच काही उरलं नाही. आणि दुसरी भीती जास्त खरी होती, की पौर्णिमेला डबा हलका लागला तर बायांना कळेल. माघ पौर्णिमा आली त्या सकाळी मी डबा उचलून पाहिला आणि मला तो हलका वाटला. घरात शिल्लक होती ती शेवटच्या काही दिवसांची. मी ती सगळी उपसली आणि डबा भरला. वरून हलवून सपाट केला. साडी बदलली.

संध्याकाळी त्या आल्या. विहारातल्या मोठ्या बाई, ज्या आज तू असतीस तर तुझ्याच वयाच्या, आणि बरोबर एक तरुण सून. तुझे जावई बाहेर गेले होते, हे त्यांनी पाहूनच येणं केलं असणार. मी हसून डबा पुढे केला. मोठ्या बाईंनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.  सुनेनं पिशवीचं तोंड धरलं, त्यांनी माझा डबा तिच्यात पालथा केला, तळाला थाप मारून शेवटचा दाणा पाडला, रिकामा डबा माझ्या हातात दिला. मग ती पिशवी उचलली आणि माझ्या उंबऱ्याच्या आत ठेवली.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "बाई, पिशवी राह्यली तुमची." त्या म्हणाल्या, "राह्यली नाई. ठेवली." मग मला कळलं आणि मी पिशवी परत बाहेर सरकवली. म्हटलं, आमच्या घरी काही कमी नाही, दुसऱ्या कोणाला द्या. माझा आवाज चढला होता, शेजारचं दार उघडलं. मोठ्या बाईंनी ते दार नुसतं पाहून बंद करवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुही मूठ बी त्याच्यातच आहे. इतके साल तू देली, कोणाच्या घरी गेली तू इचारली का? मंग आता काऊन इचारून राह्यली?"  त्या पायऱ्या उतरल्या, परत वळल्या आणि सांगितलं, "याच्यातून बी मूठ काढजो, बाई." जसं औषध देणारा सांगतो, जेवणानंतर घ्या. त्यांच्या मागून ती सून एकदाही वर न पाहता गेली. तिची मान खाली होती, यासाठी मी तिची ऋणी आहे.

मी पिशवी खाटेखाली ढकलली. माझा जळफळाट होत होता. त्यांच्यावर, ठेकेदारावर, आणि खरं सांगू, तुझ्यावर. तुझा तो डबा, ती याद, ते बरकतीचं बोलणं. उपकार मानून कोणाचं पोट भरलं? बाबांचं भरलं? आयुष्यभर मूठ मूठ काढून शेवटी माझ्या दारात पिशवी येते, हे तू मला डब्याबरोबर का नाही सांगितलंस? मी दोन दिवस पाण्यात पीठ कालवून आंबील केली आणि आम्ही ती प्यायलो. तुझ्या जावयानं तक्रार केली नाही. ते आता कशाचीच तक्रार करत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि मला त्यांच्या तक्रारीची आठवण येते. तिसऱ्या दिवशी पीठही संपलं. मी खाटेखालून पिशवी ओढली.

तांदूळ ताटात ओतला आणि पाहत बसले. रेशनचा जाड, कोणाच्या घरचा बारीक, उसना म्हणजे उकडा, कनकी, जुना पिवळट, नवा पांढरा. एवढी वर्षं खानावळीत भात शिजवला, पण असल्या तांदळाला पाणी किती घालायचं ते मला कळेना. जाडाला घालावं तर बारकाचा चिखल, बारकाला घालावं तर जाड कच्चा. अंदाजानं घातलं. दोघं जेवायला बसलो. तुझ्या जावयानं पहिला घास चावला आणि थांबले. "हे कसं काय तांदूळ आहे?" मी मान वर न करता म्हटलं, "खानावळीच्या पोत्याइच्या तळाचं होतं. सगळं झाडून घेतलो."

बोलून गेले, आणि मग तोंडातला घास मला लागला. मऊ, चिकट, मोकळा, कच्चा. माय, तोच भात. मी घास गिळू शकले नाही, थुंकूही शकले नाही. मिलच्या फाटकावरचं कुलूप मला त्या ताटात दिसत होतं. तू मिलातून काही झाडून आणलं नव्हतंस. आपल्या दारातही कोणीतरी पिशवी ठेवली होती, तूही ती परत सरकवली असशील, आणि मग आम्हाला शिजवून घालताना तोंडाला जे आलं ते बोलली असशील. यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "कचकच लागून राह्यलं का तुले बी?" मी हो म्हटलं. यांनी ते खोटं आहे हे ओळखलं होतं, मला दिसलं. तरी पुढचा घास घेतला, आणि ताट पुसून खाल्लं. बऱ्याच दिवसांनी खाल्लं.

भांडी घासताना बाकीचं कळत गेलं. मूठ मिटून, उघड्या हातानं नको, वरचे दाणे झाड. शिस्त कसली? बाबा असताना तू स्वतः ओंजळ काढायचीस, मी पाहिलं आहे, बोटं पसरून. बाबा गेल्यावर पहिली चूल पेटली त्याच वेळी तू माझा हात लावलास, कारण घरात तेवढाच लहान हात होता जो डब्यापर्यंत नीट जात होता. मूठ तर चुकवायची नाही, पण त्या मुठीत जाणारा तांदूळ आमच्या पोटातून जात होता. म्हणून लेकराची मूठ. नियमात मूठ सांगितली आहे, कोणाची ते सांगितलेलं नाही. आणि माझा हात वाढला तेव्हा तू दिव्याशी नेऊन पाहिलास आणि धाकट्याला बसवलंस. तू तर तोंडानं सांगितलंही होतंस, तुहा हात मोठा झाला. मुलगा म्हणून नव्हतं ते. एवढी वर्षं मी तो खिळा उगाच जपला. मला तुला हसावंसंही वाटलं, केवढी चलाख होतीस, आणि हसता येईना. एक बाई रोज संध्याकाळी आपल्या पोरांच्या हातांची मापं मनात घेते, आणि पोरगी फ्रॉकला हात पुसून मिरवते. तू माझ्याकडे पाहत असशील तेव्हा तुला काय वाटत असेल?

मला तुझं दवाखान्यातलंही आठवलं. खोकल्यानं तुझा श्वास पुरत नव्हता, डॉक्टर म्हणाले होते की छातीत कोंड्याची धूळ बसली आहे, आणि जनरल वॉर्डात दुपारचं ताट यायचं, भात आणि पातळ वरण. तू जेवायच्या आधी त्या शिजलेल्या भाताची एक मूठ करून ताटाच्या कडेला ठेवायचीस. वाढणारी बाई ओरडली, "नासवू नोको आजी, खायाचं असन तं खाय." मी तिची माफी मागितली, म्हटलं, हिला आता उमजत नाही. तुला उमजत होतं. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "बाजूच्या बिछान्यावालीले कोणी डबा आनत नाई." मी तो भात तिला दिला नाही, लाज वाटली, शिजलेला आणि हातानं दाबलेला. तू झोपल्यावर मीच खाल्ला.

आता सांग, यातलं श्रद्धेचं किती आणि नाइलाजाचं किती? मी खूप विचार करते आणि मला वेगळं काढता येत नाही. बरकत मी भरल्या पोत्यात पाहिली होती, ती तिथं नव्हती हे कळलं. ती या पिशवीत आहे असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, कारण पोरगी मिरचीच्या रानात आहे आणि आजही यांना कोणी कामाला बोलावलेलं नाही. पण वस्तीतली किती घरं या पिशवीत आहेत ते मी ताटात पाहिलं. त्यातला उसना तांदूळ कोणाचा ते मला ओळखू येतं, या गल्लीत एकाच घरी खातात, आणि त्या घरचा माणूस आमच्या आधीपासून बसून आहे. त्या घरातही मूठ निघते आहे. कोणाच्या हातानं, ते आता मी विचारणार नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही. यांनाही वाचून दाखवणार नाही. फक्त एक राहिलं, ते सांगून उठते, चूल पेटवायची आहे. काल संध्याकाळी मी भाताला तांदूळ घेतला, त्या पिशवीतलाच, आणि डबा पुढे ओढला. घरात लहान हात नाही. माझा तर गंज उचलून उचलून पसरट झालेला. मी मूठ मिटली, तू शिकवली होतीस तशी, वरचे दाणे झाडले, आणि हात डब्याकडे नेला. नेता नेता बोटांच्या फटीतून तांदूळ गळत होता आणि परत गंजात पडत होता. मला ऐकू येत होतं. मी बोटं आवळली नाहीत.